श्वासाला लगाम घालणारा वायू

हवा श्वास घेण्याजोगी आहे की नाही हे ठरवायला 18व्या शतकातल्या रसायनज्ञांकडे दोनच साधने होती: मेणबत्ती आणि उंदीर. काचेच्या हंडीखाली मेणबत्ती किती वेळ जळते आणि उंदीर किती वेळ तग धरतो, यावरून हवेचा कस लावायचा. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात मिल हिल चॅपलचा धर्मोपदेशक असलेला जोसेफ प्रीस्टली फावल्या वेळात हाच उद्योग करी. पण उंदीर हे काही भरवशाचे माप नव्हे. एक दणकट निघतो, दुसरा मरतुकडा. एकाच हवेत एक तगतो आणि दुसरा मान टाकतो.

1772च्या जूनमध्ये प्रीस्टलीच्या हाती वेगळेच माप लागले. स्टीफन हेल्स या त्याच्या आधीच्या पिढीतल्या संशोधकाने एक विशिष्ट खनिज शोऱ्याच्या आम्लात टाकून एक वायू मिळवला होता. तो साध्या हवेत मिसळला की लालसर वाफा उठत आणि हवेचे आकारमान घटे. प्रीस्टलीला हा प्रयोग करून बघायचा होता, पण ते खनिज मिळेना. हेन्री कॅव्हेंडिशशी बोलताना तोडगा निघाला: गुण कदाचित खनिजाचा नसून आम्लाचा असेल, तेव्हा दुसरा एखादा धातू घेऊन बघावे. प्रीस्टलीने पितळ घेतले आणि पहिल्याच खेपेस वायू मिळाला. ज्या शोऱ्यापासून हे आम्ल बनते तो त्या काळी इंग्लंडला मुख्यतः ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून, बिहारमधून येई. प्रीस्टलीने नव्या वायूला ‘नायट्रस एअर’ म्हटले. आज त्याला आपण नायट्रिक ऑक्साइड म्हणतो: नायट्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक.

कसोटीची कृती साधी होती. पाण्यावर उपड्या धरलेल्या काचनळीत दोन मापे हवा आणि एक माप हा वायू एकत्र करायचा. लाल वाफा उठत, पाण्यात विरघळत आणि नळीतले पाणी वर चढे. हवा मोकळी, चांगली असेल तर तीन मापांतली सुमारे 1.8 मापे उरत. कोंदट हवेत आकुंचन कमी. उंदराने श्वास घेऊन घेऊन संपवलेल्या हवेत आणखी कमी. कारण असे की नायट्रिक ऑक्साइड हवेतल्या ऑक्सिजनशी तत्काळ संयोग पावतो आणि त्यातून होणारा लाल वायू पाण्यात विरघळतो; जितका ऑक्सिजन जास्त तितके आकुंचन जास्त. हे कारण प्रीस्टलीला कळणे शक्य नव्हते, कारण ऑक्सिजनच अजून सापडायचा होता. पण श्वासाला उपयोगी पडणाऱ्या हवेतच हे आकुंचन होते, हे त्याच्या नेमके लक्षात आले. उंदरांची बरीचशी सुटका झाली.

ऑक्सिजनची ओळख पटायलाही याच वायूची साक्ष कामी आली. 1 ऑगस्ट 1774 रोजी बोवुड हाऊस या लॉर्ड शेलबर्नच्या वाड्यात प्रीस्टलीने पाऱ्याचे लाल भस्म भिंगाने तापवले आणि त्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती झगझगून पेटली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्याने या वायूची नायट्रस एअरने परीक्षा घेतली. आकुंचन साध्या हवेसारखेच झालेसे वाटले. पण कसोटीनंतर उरलेल्या हवेतही मेणबत्ती जळत राहिली. साध्या हवेच्या बाबतीत असे कधीच होत नसे. आणखी नायट्रस एअर घातली तर आकुंचन पुढे चालूच. मग त्याने पुन्हा उंदीर आणला. तेवढ्या साध्या हवेत जो पाव तास जगला असता, तो या वायूत अर्धा तास काढूनही जिवंत बाहेर आला.

युरोपात या कसोटीचे खूळच पसरले. इटलीत मार्सिलिओ लांद्रियानी आणि फेलिचे फोंताना यांनी तिची उपकरणे बनवली. त्यांना ‘युडिओमीटर’, म्हणजे हवेचा चांगुलपणा मोजणारे यंत्र, असे नाव पडले. दलदलीच्या, डोंगरावरच्या, इस्पितळातल्या हवेचा चांगुलपणा मोजून रोगराईचा माग काढता येईल, अशी आशा होती. यान इंगेनहाउस याने 1779मध्ये हिरवी पाने उन्हात हवा सुधारतात हे दाखवले, तेही याच कसोटीच्या जोरावर. आशेवर पाणी टाकले ते कॅव्हेंडिशने. त्याने अनेक दिवस लंडनच्या आणि गावाबाहेरच्या हवेचे नमुने अत्यंत काटेकोरपणे तपासले आणि 1783मध्ये जाहीर केले की फरक मुळीच सापडत नाही. शहर असो की शिवार, हवेत ऑक्सिजन साधारण 21 टक्के. हवेचा वाईटपणा ऑक्सिजनच्या प्रमाणात नसतो, एवढे त्यातून सिद्ध झाले आणि युडिओमीटरचा दिमाख उतरला.

राहिली कसर हम्फ्री डेव्हीने भरून काढली. ब्रिस्टलमध्ये डॉ. टॉमस बेडोज यांनी वायूंनी रोग बरे करण्यासाठी 1799मध्ये एक संस्था काढली होती. विशीतला डेव्ही तिथे प्रयोग करी, आणि प्रयोगाचा पहिला विषय तो स्वतःच असे. हसवणारा वायू म्हणजे नायट्रस ऑक्साइड त्याने याच काळात हुंगला आणि गाजवला. मग त्याचा भाऊबंद नायट्रिक ऑक्साइडही छातीत भरून बघावा, असे त्याच्या मनाने घेतले. हवेशी गाठ पडली की हा वायू दाहक होतो हे त्याला माहीत होते. म्हणून फुप्फुसांतली हवा आधी नायट्रस ऑक्साइडने हुसकून लावली आणि मग तो आत ओढला. घसा जळाला, छातीत आग झाली आणि स्वरयंत्राने आपणहून दार लावून घेतले. तोंड उघडून साधी हवा घेताच आतल्या वायूचे आम्ल झाले. जीभ, टाळू आणि दात पोळून निघाले. असले धाडस पुन्हा करणार नाही, असे त्याने 1800मध्ये छापलेल्या ग्रंथात नमूद केले.

नायट्रिक ऑक्साइडची कीर्ती त्यानंतर अशीच राहिली: आकाशातल्या विजेत, तंबाखूच्या धुरात आणि पुढे मोटारींच्या धुरांड्यात सापडणारा, फुप्फुसांना अपाय करणारा वायू. शरीराशी त्याचा संबंध असला तर तो वैऱ्याचा.

इकडे श्वासाच्या नियंत्रणाचा शोध वेगळ्याच वाटेने चालला होता. 19व्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये सेझार लगालवा याने सशांवर प्रयोग करून दाखवले की श्वास चालवणारी जागा लंबमज्जेत, म्हणजे मेंदूच्या पाठीच्या कण्याकडे उतरणाऱ्या भागात आहे. तेवढा भाग शाबूत असेल तर श्वास चालतो. तिथे इजा झाली की थांबतो. पण त्या जागेला कधी जोरात आणि कधी सावकाश श्वास घ्यायचा हे सांगते कोण? 1905मध्ये ऑक्सफर्डला जॉन स्कॉट हॉल्डेन आणि जॉन गिलीझ प्रीस्टली (हा प्रीस्टली वेगळा) यांनी एका प्रश्नाचे उत्तर दिले: एरवी श्वासाचा वेग कार्बन डायऑक्साइड ठरवतो. फुप्फुसांतल्या हवेत त्याचे प्रमाण अवघे 0.2 टक्क्यांनी वाढले तरी श्वासोच्छ्वास दुप्पट होतो.

ऑक्सिजन कमी पडला तर कसे कळते, हा प्रश्न उरला. मानेत कॅरॉटिड धमनी जिथे दुभंगते तिथे दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढी एकेक कॅरॉटिड बॉडी असते. शरीररचना शिकणाऱ्यांना ती 18व्या शतकापासून माहीत होती. तिचे काम कुणालाच माहीत नव्हते. माद्रिदमध्ये नामवंत मज्जाशास्त्रज्ञ काहाल यांचे शिष्य फेर्नांदो दे कास्त्रो यांनी 1926 ते 1928 या काळात तिचे मज्जातंतू सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने तपासले आणि तर्क मांडला की ही गाठ रक्ताची रासायनिक चव घेत असावी. बेल्जियममध्ये गेंट इथे कॉर्नेल हेमन्स यांनी प्रयोगांनी ते सिद्ध केले: रक्तातला ऑक्सिजन घटला की इथून मेंदूला वर्दी जाते आणि श्वास वाढतो. 1938चे नोबेल हेमन्स यांना मिळाले. यादवी युद्धात होरपळलेल्या माद्रिदमधले दे कास्त्रो त्या यादीत नव्हते.

वर्दी जाते हे कळले. ती गाठ ऑक्सिजन ओळखते कशी, हे कोडे मात्र पुढची अनेक दशके सुटले नाही. त्याचा एक धागा सापडला तो न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनमध्ये, श्वासाशी काही देणेघेणे नसलेल्या एका प्रयोगशाळेत.

रॉबर्ट फर्चगॉट तिथे सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या औषधांनी आकुंचन पावतात की सैल पडतात याचा अभ्यास करत होते. अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाने या पट्ट्या आकुंचन पावतात, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव. 1978च्या मे महिन्यात त्यांच्या सहायकाने प्रयोगाचा क्रम चुकवला आणि त्याच जातीचे रसायन दिल्यावर पट्टी सैल पडली. फर्चगॉट यांनी चूक दुरुस्त करून विषय मिटवला नाही. असे का झाले याच्या मागे लागले. उत्तर पट्टी कापण्याच्या पद्धतीत होते. जुन्या पद्धतीत धमनीचा आतला पातळ पेशीथर नकळत घासून निघे. तो थर शाबूत असेल तर तिथून काहीतरी सुटते आणि बाहेरच्या स्नायूला सैल पडायला सांगते. 1980मध्ये हा निष्कर्ष ‘नेचर’मध्ये आला. ते ‘काहीतरी’ काय, हे सहा वर्षे कुणाला सांगता येईना. काही सेकंदांत ते नाहीसेच होई.

त्याआधी 1977मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात फेरिद मुराद यांच्या गटाला आढळले होते की नायट्रिक ऑक्साइड पेशीतल्या एका विकराला चेतवतो आणि नायट्रोग्लिसरीन हे हृदयविकारावरचे जुने औषध याच वाटेने काम करते. पण हा वायू पेशी स्वतः बनवतात, हे अजून कुणी दाखवले नव्हते. 1986च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या रॉचेस्टर इथल्या परिषदेत फर्चगॉट आणि लुई इग्नारो या दोघांनी, एकमेकांवर विसंबून न राहता, तेच धाडसी विधान केले: तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. 1987मध्ये इंग्लंडमध्ये साल्व्हादोर मोंकादा यांच्या गटाने ते मोजून दाखवले. वायूचा ओझोनशी संयोग झाला की प्रकाश पडतो. तो टिपणारे यंत्र मोटारींचा धूर तपासायला वापरत, ते इथे धमनीच्या पेशींना लावले गेले. पुढच्याच वर्षी हा वायू अर्जिनीन या अमिनो आम्लापासून बनतो हेही कळले. 1998चे नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळाले. मोंकादा वगळले गेले, आणि त्यावर बराच वाद झाला.

श्वासाच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा 1988चा. लिव्हरपूलमध्ये जॉन गार्थवेट यांनी दाखवले की मेंदूच्या पेशीही असाच पदार्थ सोडतात. मज्जापेशींचे नेहमीचे निरोप ठरावीक जागेवरून सुटतात आणि ठरावीक जागी पोचतात. हा वायू मात्र पेशीचे पटल ओलांडून आजूबाजूला कुठेही जातो आणि उलट दिशेनेही निरोप नेतो. 1990मध्ये बाल्टिमोरला डेव्हिड ब्रेट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूतून हा वायू बनवणारे विकर वेगळे काढले. आता ते शरीरात कुठे कुठे आहे हे रंगवून बघता येऊ लागले.

ते कॅरॉटिड बॉडीतही सापडले. 1993मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड इथे मूळचे भारतातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ नंदुरी प्रभाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांच्या कॅरॉटिड बॉडीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. तिथल्या मज्जातंतूंत हे विकर होते. ते औषधाने बंद पाडले की गाठीतून मेंदूकडे जाणारे संदेश वाढत. म्हणजे नायट्रिक ऑक्साइड तिथे लगाम धरून होता. त्याच सुमारास युटा विद्यापीठातल्या गटालाही या गाठीत शिरणारे नायट्रिक ऑक्साइड बनवणारे तंतू आढळले.

लगाम कधी सैल होतो? विकराला हा वायू बनवायला अर्जिनीनबरोबर ऑक्सिजनही लागतो. रक्तातला ऑक्सिजन घटला की वायू कमी बनतो, लगाम सुटतो, गाठ वर्दी देते आणि श्वास वाढतो, असे या गटाने सुचवले. प्रीस्टलीच्या नळीत हा वायू हवेतला ऑक्सिजन मोजत होता. इथे ऑक्सिजनची टंचाई त्याच्या तुटवड्यातून उमगत होती. बाहेरच्या हवेची परीक्षा घेण्यासाठी माणसाने जो वायू हाताशी धरला, त्याच वायूने शरीर रक्ताची परीक्षा घेत असावे.

गोष्ट इथे संपली असती तर फार सुबक झाली असती. तसे झाले नाही. नायट्रिक ऑक्साइड बनवणारे विकर एकाच प्रकारचे नाही. मज्जापेशींचे वेगळे, रक्तवाहिन्यांच्या आतल्या थराचे वेगळे. 1993मध्ये जनुक निकामी करून मज्जापेशींचे विकर नसलेले उंदीर तयार झाले. प्रभाकर यांच्या प्रयोगशाळेत 1998मध्ये त्यांना कमी ऑक्सिजनच्या हवेत ठेवले, तर त्यांचा श्वास साध्या उंदरांपेक्षा जास्त वाढला. अपेक्षेप्रमाणेच, कारण लगामच नव्हता. 2000मध्ये रक्तवाहिन्यांचे विकर नसलेल्या उंदरांवर तोच प्रयोग केला आणि उलटे झाले: त्यांचा प्रतिसाद मंदावलेला होता. वायू एकच, तो कुणी बनवला यावर श्वास आवरणार की वाढणार हे ठरत होते.

मेंदूत आणखी निराळे चित्र दिसले. कॅरॉटिड बॉडीची वर्दी लंबमज्जेतल्या एका मज्जाकेंद्रात येऊन पोचते. 1995मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांच्या या केंद्रात पाहिले की ऑक्सिजन कमी पडल्यावर तिथे नायट्रिक ऑक्साइड बनतो, उलट्या दिशेने जाऊन वर्दी आणणाऱ्या तंतूकडून आणखी निरोप मागवतो आणि त्यामुळे वाढलेला श्वास टिकून राहतो. मानेत जो आवरतो तोच मेंदूत हाकारतो. 2001मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात बेन गॅस्टन यांच्या गटाने त्यात भर घातली. नायट्रिक ऑक्साइड गंधकाशी जोडला गेला की नायट्रोसोथायॉल नावाची संयुगे होतात. ऑक्सिजन गमावलेल्या रक्तातून अशी संयुगे मिळतात. त्यांची अत्यल्प मात्रा उंदराच्या त्या केंद्रात सोडली की ऑक्सिजन पुरेसा असूनही श्वास वाढतो. म्हणजे ऑक्सिजन वाहणारे रक्तच ऑक्सिजन संपल्याची खबर बरोबर घेऊन येत असावे.

याच वर्षांत हा वायू इस्पितळातही पोचला. उच्छ्वासातल्या हवेत तो असतो हे 1991मध्ये स्वीडनमध्ये आढळले आणि दमेकऱ्यांच्या उच्छ्वासात तो वाढलेला असतो हे दोन वर्षांनी. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या जन्मानंतरही आवळलेल्याच राहिल्यामुळे निळ्या पडणाऱ्या नवजात बाळांना तो हुंगवण्याचे उपचार 1992मध्ये सुरू झाले. अमेरिकेत 1999 अखेरीस त्याला मान्यता मिळाली. नेहमीची मात्रा दहा लाख भागांत वीस भाग. डेव्हीला पोळणारा आणि बाळाला वाचवणारा वायू एकच, फरक मात्रेचा. पण हा उपचार श्वासाच्या नियंत्रणावर चालत नाही. नळीतून दिलेला वायू फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या सैल करतो आणि रक्तात शिरताच हिमोग्लोबिन त्याला पकडून निष्प्रभ करते. मानेत किंवा लंबमज्जेत काम करायचे तर तो तिथल्या तिथेच, त्या क्षणी आणि त्या पेशीने बनवावा लागतो. म्हणून सिलिंडरातल्या वायूने श्वासाचा लगाम हाती घेता येत नाही.

कॅरॉटिड बॉडीत नायट्रिक ऑक्साइड एकटा नाही, हेही पुढे कळले. प्रभाकर यांच्या गटाने 1995मध्ये कार्बन मोनॉक्साइड तिथे बनतो आणि गाठीला आवरतो हे दाखवले. तो बनवणाऱ्या विकरालाही ऑक्सिजन लागतो. 2010मध्ये हायड्रोजन सल्फाइड पुढे आला, आणि तो उलट गाठीला चेतवतो. बंद खोलीतल्या शेगडीचा आणि गटारातला, असे हे दोन्ही जीवघेणे वायू. ज्यांना विष म्हणून ओळखले, त्या तिघांच्या तोलावर ऑक्सिजनची पारख बेतलेली दिसते.

हा तोल बिघडला तर काय होते, याचा अभ्यास आता झोपेत श्वास अडणाऱ्या रुग्णांच्या संदर्भात चालू आहे. रात्रभर ऑक्सिजन पुन्हा पुन्हा घटतो, त्यामुळे कॅरॉटिड बॉडी अतितल्लख होते, नको तेवढ्या वर्द्या देत राहते आणि रक्तदाब चढतो. तिला शांत करणारे औषध हवे आहे. पण डोंगरावर चढताना किंवा न्यूमोनियात ऑक्सिजन खरोखर घटला तर तिने जागे व्हायलाच हवे. दोन्ही गोष्टी एकाच औषधाने साधायच्या तर वायू कमी करायचा की जास्त, एवढे ठरवून भागणार नाही. कुठल्या पेशीतले कुठले विकर, हे आधी ठरवावे लागेल.